वडापाव खाल्ल्यानंतरचे दोन दिवस

संध्याकाळी सातला डोंबिवली स्टेशनचा जिना उतरलं की तळणीचा वास येतो. वजन कमी करायला घेतल्यापासून अकरा महिने मी त्या वडापावच्या गाडीकडे न बघता घरी जात होते. मग एका गुरुवारी ऑफिसात डबा उघडायलाच फुरसत मिळाली नाही, लोकल उशिरा आली, आणि मी गाडीसमोर थांबले. एक वडापाव खाल्ला, सुकी लसणाची चटणी आणि तळलेली मिरची घेऊन. गरम होता, चांगला होता. घरी पोचेपर्यंत मात्र डोक्यात एकच वाक्य घुमत होतं: गेलं सगळं.

त्या रात्री मी नेहमीपेक्षा दोन पोळ्या जास्त खाल्ल्या, मग फ्रिजमधलं श्रीखंड, मग टीव्हीसमोर वेफर्सचं पाकीट. मोडलंच आहे तर आज खाऊन घेऊ, सोमवारपासून बघू. शुक्रवारी सकाळी पश्चात्ताप म्हणून नुसता कोरा चहा घेतला, दुपारी अर्धा डबा परत आणला आणि चार वाजता कुणाच्या तरी वाढदिवसाचे दोन सामोसे आणि केक. शनिवारी वजनकाट्याने दीड किलो जास्त दाखवलं. त्यानंतर तीन आठवडे मी काट्यावर पायच ठेवला नाही.

पुढे कधीतरी वहीत त्या गुरुवारचा हिशेब मांडला. वडापाव साधारण ३०० कॅलरी. घरी आल्यावर जे झालं, ते हजाराच्या पुढे. भूक वडापावने भागली होती. बाकीचं सगळं अपराधीपणाने खाल्लेलं होतं.

मी आहारतज्ज्ञ नाही, बँकेत काम करते. अडीच वर्षांत माझं वजन ८१ वरून ६७ वर आलं आणि या काळात वडापाव, पावभाजी, पिझ्झा सगळं खाल्लं गेलं. बाहेरचं खाल्ल्यावर आता मी जे करते ते इथे क्रमाने लिहिते. त्याआधी एका शब्दाबद्दल बोलायला हवं, कारण माझ्या मते सगळा घोळ त्या शब्दात आहे.

‘मोडलं’ हा शब्द

आपल्याकडे उपास मोडतो. एकादशीला चुकून भाताचं शीत तोंडात गेलं तरी मोडतो. व्रत एक तर अखंड असतं नाही तर मोडलेलं, अर्धं मोडलेलं व्रत नसतं. लहानपणापासून कानावर पडलेली ही भाषा आपण जशीच्या तशी वजन कमी करण्याला लावली. ‘डाएट मोडलं’ असं म्हटलं की पुढचं वाक्य आपोआप येतं: आता काय उरलंय? आणि ‘एकादशी आणि दुप्पट खाशी’ ही म्हण आपल्याच भाषेत आहे. बंदी आणि अतिरेक एकाच घरात राहतात, हे आपल्या आज्या-पणज्यांनी पाहून ठेवलं होतं.

वजनाचा हिशेब व्रतासारखा चालत नाही, घरखर्चासारखा चालतो. एखाद्या दिवशी रिक्षाला दीडशे रुपये जास्त गेले म्हणून उरलेला पगार कुणी त्याच संध्याकाळी उधळत नाही. दीडशे रुपये जास्त गेले, एवढंच वहीत लिहितो आणि पुढचा महिना चालू राहतो.

मानसशास्त्रज्ञांनी हे प्रयोगात पाहिलं आहे. १९७५ मध्ये हर्मन आणि मॅक या अमेरिकेतल्या संशोधकांनी काही विद्यार्थिनींना आधी मिल्कशेक दिला आणि नंतर चव घेण्याच्या निमित्ताने हवं तेवढं आइस्क्रीम खायला दिलं. एरवी खाण्यावर सतत ताबा न ठेवणाऱ्या मुलींनी मिल्कशेकनंतर आइस्क्रीम कमी खाल्लं, कारण पोट भरलं होतं. सतत ताबा ठेवणाऱ्या मुलींनी उलट जास्त खाल्लं. नियम मोडला म्हणजे आजचा दिवस वाया गेला, हा विचार पोटापेक्षा जोरात बोलला. हर्मन आणि त्यांच्या सहकारी जॅनेट पॉलिव्ही यांनी याला पुढे ‘व्हॉट द हेल इफेक्ट’ म्हटलं. मराठीत सांगायचं तर ‘आता काय, होऊन जाऊ दे’.

न्यूझीलंडमधला २०१४ चा एक अभ्यास मला आणखी पटतो. चॉकलेट केक म्हटल्यावर काय आठवतं, अपराधीपणा की आनंदाचा प्रसंग, असा साधा प्रश्न लोकांना विचारला. वजन कमी करू पाहणाऱ्यांपैकी ज्यांनी अपराधीपणा निवडला, त्यांना पुढच्या तीन महिन्यांत दुसऱ्या गटापेक्षा कमी यश मिळालं. आपल्याला वाटतं की मनाला टोचणी लागली तर पुढच्या वेळी आपण सावध राहू. माझ्याबाबतीत तरी ती टोचणी फ्रिजपर्यंतच घेऊन गेली.

पायरी १: पहिली दहा मिनिटं काहीही ठरवू नका

खाऊन झाल्यावरची दहा मिनिटं सगळ्यात धोक्याची. याच वेळी माणूस शपथा घेतो: उद्या दिवसभर फक्त ताक, महिनाभर मैदा बंद, आत्ता लगेच तासभर चालायला जाते. यातलं काहीही ठरवू नका. पाणी प्या, घरी जा, हातपाय धुवा.

आणि जे खाल्लं ते एका साध्या वाक्यात म्हणा. ‘मी एक वडापाव आणि एक कटिंग घेतला.’ तेवढंच. ‘माती खाल्ली’, ‘पाप केलं’, ‘मला कंट्रोलच नाही’ ही वाक्यं बाजूला ठेवा. मी हे वाक्य फोनमध्ये टाइप करते, कारण मनातल्या मनात म्हटलं की त्याला शेपटं फुटतात.

स्वतःशी नरमाईने बोललं तर लाड होतात आणि माणूस आणखी खातो, ही भीती मलाही होती. २००७ मध्ये अ‍ॅडम्स आणि लिअरी यांनी नेमकं हेच तपासलं. विद्यार्थिनींना डोनट खायला दिला. काही जणींना त्यानंतर सांगितलं की असं सगळेच कधी ना कधी खातात, त्यावरून स्वतःला बोल लावू नका. मग पुढे गोळ्या-चॉकलेटं ठेवली. एरवी खाण्यावर बंधनं घालणाऱ्या मुलींपैकी ज्यांच्या कानावर ते चार आपुलकीचे शब्द पडले होते, त्यांनी कमी खाल्लं. मैत्रिणीने वडापाव खाल्ला असता तर तुम्ही तिला काय म्हणाला असता? तेच स्वतःला म्हणायचं आहे.

पायरी २: आकडा काढा, ढोबळ चालेल

भीती अंधारात वाढते, म्हणून आकडा हवा. गाडीगणिक फरक पडतो, तरी अंदाज असे: एक वडापाव ३०० च्या आसपास, मोठा सामोसा २५० च्या आसपास, मिसळ आणि दोन पाव ४०० ते ५००, पावभाजीची प्लेट ४०० ते ६०० आणि बटरचा हात सैल असेल तर त्याहून वर. गाडीवरच्या हाका नूडल्सची प्लेटही याच घरात. कोल्ड्रिंकची ३०० मिलीची बाटली १३० च्या आसपास, सगळी साखरेची. तळलेल्या आणि बटर घातलेल्या पदार्थांचे आकडे वर जातात कारण तेलाच्या एका ग्रॅममध्ये ९ कॅलरी असतात, पिठाच्या किंवा साखरेच्या एका ग्रॅममध्ये ४. मोठ्या चमचाभर तेलाच्या १२० होतात.

आता दुसरी बाजू. शरीरातल्या एक किलो चरबीसाठी साधारण ७,७०० कॅलरी धरतात. म्हणजे जास्तीचा एक वडापाव, सगळाच्या सगळा चरबीत गेला असं धरलं तरी, ४० ग्रॅम. एका मध्यम लिंबाएवढं वजन. समजा तुम्ही रोज ४०० कॅलरी कमी खाता, म्हणजे आठवड्याला २,८००. त्यातून ३०० वजा करा. २,५०० उरल्या. आठवडा अजूनही वजन कमी होण्याचाच आहे.

हा हिशेब मी पहिल्यांदा केला तेव्हा डोळ्यांत पाणी आलं. एका लिंबासाठी मी अकरा महिने स्वतःचा एवढा छळ केला होता.

पिझ्झा, गार्लिक ब्रेड आणि कोल्ड्रिंक असा बेत झाला असेल तर आकडा हजार-बाराशेवर जाईल. तोही लिहा. तो जास्तीत जास्त दीडशे ग्रॅम चरबीचा आकडा आहे. सात दिवसांच्या बेरजेत तो मावतो, फक्त आठवा दिवस त्याच्यासारखा जायला नको.

पायरी ३: पुढचं जेवण वेळेवर जेवा

या लेखातलं एकच काही लक्षात ठेवायचं असेल तर हे ठेवा. पुढचं जेवण चुकवू नका, अर्धं करू नका, नुसत्या काकडीवर भागवू नका.

शिक्षा म्हणून जेवण टाळलं की भूक व्याजासकट परत येते. माझ्या शुक्रवारचे दोन सामोसे आणि केक गुरुवारच्या वडापावमुळे आले नव्हते, शुक्रवारी सकाळच्या कोऱ्या चहामुळे आले होते. उपाशी पोटी चार वाजता कुणाचाच निर्धार टिकत नाही. त्यात कमकुवतपणा काही नाही, शरीर आपलं काम करत असतं.

वडापाव सातला खाल्ला असेल तर साडेनऊला भूक थोडी कमी असेल. मग पोटाला विचारून एक भाकरी कमी घ्या, पण ताट नेहमीचंच असू दे. माझं त्या रात्रीचं ताट असं असतं: एक बाजरीची किंवा ज्वारीची भाकरी, वाटीभर मुगाची किंवा मटकीची उसळ, कोशिंबीर, ताक. उसळ मुद्दाम. वडापावमध्ये पीठ, बटाटा आणि तेल आहे, प्रथिनं फार कमी आहेत. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या शिफारशीनुसार मोठ्या माणसाला वजनाच्या दर किलोमागे दिवसाला ०.८३ ग्रॅम प्रथिनं लागतात, म्हणजे ७० किलोच्या माणसाला ५८ ग्रॅमच्या आसपास. बाहेर खाल्लेल्या दिवशी तीच कमी पडतात आणि मग रात्री अकराला काहीतरी खावंसं वाटत राहतं.

दुसऱ्या दिवशीची न्याहारी रोजचीच. रोज पोहे असतील तर पोहे.

मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर जेवण टाळणं धोक्याचंच आहे, साखर एकदम खाली जाऊ शकते. तिथे डॉक्टरांनी दिलेल्या वेळा पाळायच्या.

व्यायामाचंही तसंच. रोज चालत असाल तर रोजच्याइतकंच चाला. वडापाव ‘जाळायला’ साधारण तासभर भराभर चालावं लागेल, आणि चालण्याची सांगड एकदा शिक्षेशी बसली की चालायला जाणंच नकोसं होतं. माझी सकाळची फेरी अशीच दोन महिने बंद पडली होती.

पायरी ४: तीन दिवस काट्यावर चढू नका

शनिवारचा तो दीड किलो चरबीचा नव्हता. दीड किलो चरबी चढायला अकरा हजारांहून जास्त कॅलरी जादा खाव्या लागल्या असत्या. मग ते काय होतं? बहुतेक पाणी. बाहेरच्या खाण्यात मीठ बरंच असतं (जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा दिवसाला ५ ग्रॅमच्या आत आहे, म्हणजे जेमतेम एक छोटा चमचा) आणि मीठ शरीरात पाणी धरून ठेवतं. शिवाय पाव-बटाट्यातलं पिष्ट स्नायूंमध्ये आणि यकृतात ग्लायकोजेन म्हणून साठतं, त्याच्या प्रत्येक ग्रॅमसोबत सुमारे तीन ग्रॅम पाणी जातं. पाळीच्या आधीचे दिवस असतील तर त्यात आणखी भर. नेहमीचं खाणं-पिणं सुरू राहिलं की हे पाणी दोन-चार दिवसांत उतरतं.

रोज वजन करायची सवय असेल आणि ती मोडवत नसेल तर आकडा लिहा, पण निष्कर्ष आठवड्याच्या सरासरीवरून काढा.

पायरी ५: का खाल्लं, हे दुसऱ्या दिवशी बघा

त्याच रात्री नको. रात्री आपण कारण शोधत नाही, गुन्हेगार शोधतो.

दुसऱ्या दिवशी शांतपणे मागे जा. माझ्या वहीत दीड वर्षाच्या अशा नोंदी आहेत आणि त्यांत पुन्हा पुन्हा एकच गोष्ट दिसते: ज्या दिवशी दुपारचा डबा दोननंतर किंवा अर्धवट, त्या दिवशी संध्याकाळी स्टेशनवर थांबणं. इच्छाशक्तीशी याचा काही संबंध नव्हता. उपाय पाच वाजताच्या खाण्यात होता. आता पर्समध्ये मूठभर फुटाणे-शेंगदाणे असतात, कधी उकडलेलं अंडं. पाच वाजता ते खाल्लं की सातचा तो वास छानच येतो, पण पाय आपोआप वळत नाहीत.

सगळ्यांचं कारण भूक नसतं. काहींचं साहेबांशी झालेलं बोलणं असतं, काहींचं रविवार संध्याकाळचं एकटेपण, काहींना मुलांच्या ताटातला उरलेला बर्गर टाकवत नाही. भूक असेल तर खाण्याने सुटते. थकवा किंवा दुःख असेल तर झोप, फोनवर कुणाशी तरी बोलणं, एक फेरी, असं काहीतरी हवं. आणि कधी कारण एवढंच असतं की पाऊस होता, चार मैत्रिणी होत्या आणि भजी गरम होती. तिथे दुरुस्त करण्यासारखं काही नाही. वही मिटा.

पायरी ६: बाहेरच्या खाण्याला आठवड्यात जागा द्या

चोरून खाल्लेल्या गोष्टीचाच अपराध वाटतो. म्हणून आठवड्यातून एकदा, ज्यांचं बाहेर जाणं जास्त आहे त्यांनी दोनदा, आवडीचं बाहेरचं खाणं आधीच धरून ठेवा. ‘चीट डे’ हे नाव मला नको वाटतं. चीट म्हणजे फसवणूक, आणि अख्खा दिवस मोकळा सोडला की तीच ‘दुप्पट खाशी’. एक दिवस नाही, एक खाणं.

ते खाताना नीट खा. बसून, ताटलीत घेऊन, फोन बाजूला ठेवून. प्लॅटफॉर्मवर धावत खाल्लेला वडापाव संपल्यावर आपण खाल्लं हेच मनाला कळत नाही.

काय मागवायचं यात थोडी हुशारी कामी येते, पण पदार्थाची मजाच जाईल इतकी नको. पावभाजीत वरचं बटर कमी सांगा आणि पाव कोरडे भाजून घ्या, चव जवळपास तीच राहते. दहा ग्रॅम बटर, म्हणजे शंभर ग्रॅमच्या पाकिटाचा दहावा भाग, ७० च्या वर कॅलरीचं असतं आणि गाडीवर ते दोन-तीनदा पडतं. मिसळीत फरसाण कमी, मटकी जास्त, कट वेगळ्या वाटीत. बर्गरच्या दुकानात ‘मील’ घेऊ नका, एकटा बर्गर घ्या, कारण फ्राइज आणि कोल्ड्रिंक बऱ्याचदा फक्त स्वस्त पडतात म्हणून येतात. दहा किंवा त्याहून जास्त शाखा असलेल्या उपाहारगृहांना मेन्यूवर कॅलरीचा आकडा दाखवण्याचा नियम आपल्याकडे आहे, तो आकडा मागवण्याआधी बघा. वडापावात मात्र मी काही बदलत नाही. एकच घ्यायचा, चटणीसकट.

पायरी ७: लोकांना काय सांगायचं

‘अगं, तुझं डाएट चाललंय ना?’ हातात सामोसा असताना हे ऐकून घशाखाली घास उतरत नाही. बहुतेक वेळा विचारणाऱ्याच्या मनात काही नसतं. माझं ठरलेलं उत्तर: ‘हो, चाललंय. हा त्यात धरलेला आहे.’ हसून, आणि पुढचा घास. स्पष्टीकरण द्यायला लागलं की आपण आरोपी होतो.

याची दुसरी बाजू म्हणजे आग्रह. ‘एवढंच? आमच्याकडचं आवडलं नाही वाटतं!’ मोठ्या माणसांना ‘नको’ म्हणणं जड जातं. माझ्या सासूबाईंना मी एकदा निवांत वेळी सांगितलं, जेवणाच्या पंगतीत नाही: ‘आई, तुमच्या हातचं मला आवडतं, म्हणून तर थोडं थोडं पण नेहमी खायचंय.’ त्या काही बोलल्या नाहीत. पुढच्या दिवाळीत मात्र माझ्या ताटात दोनच अनारसे होते, आणि परत निघताना चार डब्यात भरून दिले.

आणि नवऱ्याने, बायकोने, आईने ‘बघ, खाल्लंस ना पुन्हा!’ असं म्हणू नये. घरात कुणी वजन कमी करत असेल तर तुमच्या त्या वाक्यानंतर ते माणूस लपवून खायला लागतं.

हे सगळं करूनही सुटत नसेल तर

वर लिहिलेलं साध्या रुखरुखीसाठी आहे. काही वेळा गोष्ट त्यापलीकडे गेलेली असते, आणि ती ओळखता यायला हवी. खाल्ल्यावर मुद्दाम उलटी काढणं, जुलाबाच्या गोळ्या घेणं, खाल्लेलं फेडायला दिवसदिवस उपाशी राहणं किंवा दुखेपर्यंत व्यायाम करणं. थोड्या वेळात खूप जास्त खाणं, थांबता न येणं, आणि हे आठवड्यातून एकदा तरी असं तीन महिने चालू असणं. चारचौघांत जेवणंच बंद करणं. हे खाण्याचे विकार आहेत, त्यांना उपचार आहेत, आणि ते कोणत्याही वजनाच्या माणसाला, मुलींप्रमाणे मुलग्यांनाही होऊ शकतात. अशा वेळी कॅलरी मोजणं आधी थांबवा. पायरी २ तुमच्यासाठी नाही.

नेहमीच्या डॉक्टरांकडे गेलात तर ‘वजन कमी होत नाही’ असं म्हणू नका, कारण मग ते एखादा आहारतक्ता देतील. ‘खाण्यावरचा माझा ताबा सुटतो आणि नंतर मला स्वतःची घृणा वाटते, मला यासाठी मानसोपचारतज्ज्ञ किंवा समुपदेशकाकडे पाठवा,’ असं म्हणा. तोंडाने बोलवत नसेल तर हेच चिठ्ठीवर लिहून टेबलावर ठेवा. सरकारच्या टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या फोनसेवेचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो, पैसे पडत नाहीत, आणि मराठीत बोलता येतं.